लागू नसेल ते खोडावे

गठ्ठ्याची नाडी सोडली
तर आधी टेबलावर वाळवीची माती सांडली,
मग एकशे बारा माणसं.

साहेब म्हणाले, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात
रोमन आकडा टाका.
टांगलेलं काही हललं असेल तर तीन,
भांडी वाजली तर चार,
निजलेले जागे झाले तर पाच.
सोपं आहे शिंत्रेबाई, दुपारपर्यंत होईल.

छापील प्रश्न सहावा: आपण त्या वेळी
उभे / बसलेले / निजलेले होता?
लागू नसेल ते खोडावे.

तांबट आळीतले केशव वडनेरे लिहितात:
दुकानातले सगळे हंडे एकदम बोलले,
हातोडी कुणाच्याच हातात नव्हती.
वडील आतून ओरडले,
एवढ्या पहाटे कोण मेलं कामाला लागलंय.
(मी चार टाकला. पुढे गेले. परत आले.
‘बोलले’ याला चारच का, कळेना.)

देवळाली कॅम्प, होमाय कात्रक:
तोफांचा सराव समजून कूस बदलली.
आमच्या खिडक्यांना थरथरायची सवय आहे.
आज सरावाचा वार नव्हता
हे चहात साखर घालताना आठवलं,
तेव्हा हात थरथरला.

छापखान्याची रात्रपाळी. तीन कागद, तीन सह्या,
मजकूर एक: यंत्रं चालू असता इथे सगळंच हलतं,
सबब सांगता येत नाही.
तिसऱ्याने खाली बारीक अक्षरात:
पण मोजलेला गठ्ठा पुन्हा मोजायला लावला.

चांदवडकर लेन, एकच घर नंबर, दोन कागद.
उमाकांत दसककर: काही जाणवले नाही.
सौ. दसककर: मी यांना हलवून उठवलं.
हे म्हणाले, हलवू नकोस.

आणि गंगेवर अंघोळीला उतरलेले कुणी,
नाव वाळवीने खाल्लेलं:
पाणी एक पायरी मागे गेलं आणि परत आलं.
संकल्प मध्येच तुटला.
पहिल्यापासून म्हटला. तिथी चुकली असावी.

दुपार झाली. डबा तसाच.

शेवटचा कागद उशिरा आलेला,
सुरगाण्याकडच्या पाड्यावरून, मास्तरांच्या अक्षरात.
सांगणार धवळू गावित, अंगठा निळा.
सहाव्या प्रश्नात तिन्ही शब्द तसेच ठेवलेले,
एकही खोडलेला नाही.
‘जमिनीखालून आगगाडी जाते असं मास्तर लिहा म्हणतात,
मी आगगाडी पाहिली नाही.
मला वाटलं कुणी जातं ओढतंय.
तुम्ही एका पहाटेचं विचारता,
आमच्याकडे महिना झाला.
कोंबड्या झाडावरून खाली येत नाहीत.
पोरं घेऊन बाहेर निजतो, थंडी फार आहे.
आता तुम्ही लिहून घेतलं
तर थांबेल का?’

मागच्या बाजूला आवक शिक्का, सही, तारीख.
जावक वही मी मुद्दाम काढली,
तो महिना, पुढचा महिना, त्याच्या पुढचा.
पाड्याकडे काही गेल्याचं दिसलं नाही.

कोपऱ्यात माझ्याआधी कुणीतरी
पेन्सिलने पाच लिहून खोडलाय, चार लिहून खोडलाय,
कागद तिथे पातळ झालाय,
उजेडाकडे धरला तर पलीकडचा दिवा दिसतो.
मी पेन ठेवलं.
साहेबांना सांगितलं, एकशे अकरा झाले.

रात्री मखमलाबाद नाक्यावरच्या घरात
ओट्यावरचा तांब्या वाजला,
झाकणीसकट, जेमतेम दोन श्वास.
वरच्या मजल्यावर कॉट सरकवली असेल.
असेल.
तरी मी आधी घड्याळ पाहिलं,
मग तांब्यातलं पाणी,
मग किराण्याच्या पावतीची कोरी बाजू शोधली
आणि वेळ लिहून
बसलेली खोडलं, निजलेली खोडलं.